ओळखीचा दादा

माईंना सानवीच्या डोळ्यांदेखत मारलं. मारायचं असं कुणाच्या मनात नव्हतं, फक्त मंगळसूत्र ओढायचं होतं. कर्जतच्या बाजारातून आजी आणि नात चालत घरी येत होत्या. माईंच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात सानवीचं बोट. मागून मोटरसायकल आली. मागच्या पोरानं माईंच्या गळ्यात हात घातला, मंगळसूत्र पटकन तुटलं नाही, आणि माई गाडीबरोबर फरपटत जाऊन गटाराच्या काठावर डोक्यानं आपटल्या. पनवेलच्या हॉस्पिटलात त्या शुद्धीवर न येताच गेल्या.

पुढच्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागच्याच्या तोंडावरचा रुमाल ओढाओढीत खाली आला होता. तो चेहरा पाहिला एकट्या सानवीनं. ती तिसरीत होती.

घरात आता तिघंच उरले. अप्पा, म्हणजे माईंचे यजमान, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. सुचेता त्यांची एकुलती एक मुलगी. घटस्फोटानंतर सानवीला घेऊन ती माहेरी आली होती आणि अप्पांच्या शब्दावर त्यांच्याच शाळेत नोकरीला लागली होती. आईच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं तिला एकच विचारलं, “पकडलं का कुणाला?”

कुणालाच पकडलं नव्हतं. दुकानांच्या कॅमेऱ्यांत दोघांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. गावात मेणबत्त्यांचा मोर्चा निघाला, पेपरात अप्पांचा फोटो आला, आणि पोलिसांना कुणीतरी हवाच झाला.

एका रविवारी सकाळी फौजदार साध्या कपड्यांत घरी आले. सोबत सानवीसाठी मोठं चॉकलेट. त्यांनी टीपॉयवर पाच फोटो मांडले. चार पोलीस ठाण्यातल्या भिंतीपुढे काढलेले होते. तांबारलेले डोळे, दाढीचे खुंट, पोरंबाळं असलेले बाप्ये. पाचव्यात कोवळी मिसरूड फुटलेला एक पोरगा होता. मागं डोंगर, आणि तो कॅमेऱ्याकडे पाहून अर्धवट हसत होता.

“घाबरायचं नाही, बेटा,” फौजदार म्हणाले. “नीट बघ. यातलं कोण तुझ्या ओळखीचं आहे?”

सानवीनं लगेच पाचव्या फोटोवर बोट ठेवलं. “हा दादा!”

“नक्की?”

“हो. मी ओळखते याला.”

“शाब्बास!” फौजदारांनी अप्पांकडे पाहिलं. “मुलं खोटं बोलत नाहीत, सर.”

“याच्याकडे कुत्रा आहे,” सानवी म्हणाली.

“असेल. कुत्र्यालाही आणू पकडून.” फौजदार हसले आणि लिहू लागले. जबाबात कुत्रा आला नाही. ‘चेन ओढणारा इसम हाच, असे साक्षीदार मुलीने तात्काळ ओळखले,’ एवढं आलं. बायको गेल्यापासून कोरडे राहिलेले अप्पा त्या दिवशी ओंजळीत तोंड घालून रडले. सुचेतानं सानवीला छातीशी धरलं. आपण काहीतरी फार चांगलं केलं, असं सानवीला वाटलं.

फोटोतला पोरगा म्हणजे कर्जतजवळच्या कोंडाणे गावचा साईराज. येसाजी आणि अंबाबाईचा धाकटा, अकरावीला. पावसाळ्यात पिऊन आलेल्या पर्यटकांशी गावच्या पोरांची मारामारी झाली, तेव्हा पोलिसांनी सगळ्यांचेच फोटो मोबाईलवर काढून ठेवले होते. साईराज त्या भांडणात नव्हता. रविवारी तो लोकांना लेणी दाखवायला न्यायचा, म्हणून तिथं होता, आणि फोटो काढताहेत म्हटल्यावर हसला होता.

पोलीस आले तेव्हा अंबाबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती.

“त्या दिवशी कर्जतला गेला होतास?” फौजदारांनी साईराजला विचारलं.

“हो. आयच्या गोळ्या आनायला.”

“किती वाजता?”

“दुपारच्यानं. का वो?”

येसाजी मळ्यातून धावत येईतो गाडी निघालीसुद्धा होती. अंबाबाई मागून धावली. “सायबा, शाळंचं पोर हाय ते! चप्पल तरी घालू द्या त्याला!”

गाडीत एकच प्रश्न होता. मोटरसायकल चालवणारा कोण? साईराजनं नाही म्हटलं की कानाखाली बसायची, पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि ती थांबेना. शेवटी त्यानं एक नाव घेतलं. ज्याच्याकडे मोटरसायकल होती अशा एकाच पोराचं नाव त्याला त्या वेळी सुचलं, ओमकारचं. ओमकार शेजारचा, त्याच्याहून मोठा, त्याला पोहायला शिकवणारा.

ओमकार खालापूरकडच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. घटनेच्या वेळी तो पाळीवर असल्याचं गेटवरच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसलं, म्हणून पोलिसांनी त्याला सोडून दिलं. पण ठेकेदारानं त्याला पुन्हा आत घेतलं नाही. पोलिसांनी नेलेला माणूस नको, म्हणाला.

ओमकारची आई कोंडी अंबाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. “माज्या पोरानं तुज्या पोराला खांद्यावर खेळवला गं. आन् त्यानं त्याचं नाव घेतलं?”

“मारलं असंल गं त्याला.”

“मग मार खायाचा हुता! आमचंच नाव गावलं?” कोंडी थुंकली. “ज्यानं येवढं खोटं सांगितलं, त्यानं ते बी केलं असंल.”

त्या दिवसापासून गावात तेच पक्कं झालं. येसाजीच्या शेतावर कुणी मजुरीला येईना. बाहेरच्यांनी आळ घेतला तेव्हा गाव येसाजीच्या बाजूनं होतं. साईराजच्या तोंडून ओमकारचं नाव गेलं आणि गाव उलटलं.

साईराजला बाल न्याय मंडळापुढे उभं करून निरीक्षणगृहात पाठवलं. जामिनाचा अर्ज फेटाळला. कारण लिहिलं होतं, गावात संताप आहे, मुलाला सोडलं तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. त्याच्या भल्यासाठी त्याला आत ठेवलं. आतल्या मोठ्या पोरांना म्हातारीला मारणारा नवा पोरगा आल्याचं त्याच्या आधीच कळलं होतं. दिवे गेले की ते त्याच्या डाव्या बाजूनं यायचे, कारण तिकडून त्याला ऐकू येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

इकडे अप्पा रोज संध्याकाळी सानवीला समोर बसवत. शाळेत पाठ म्हणून घ्यायचे तसं घेत.

“गाडी कुठून आली?”

“मागून.”

“मागं कोण बसलं होतं?”

“दादा.”

“कोण दादा? नीट सांग.”

“फोटोतला दादा.”

“हां. मंडळापुढे असंच खणखणीत सांगायचं. आजीसाठी.”

एकदा ती म्हणाली, “पण आजोबा, त्या दादाचे डोळे मांजरासारखे होते आणि या दादाचे...” अप्पांनी हात वर केला. “फोटोत डोळ्यांचा रंग कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून.”

उन्हाळा लागला. सुचेता सानवीच्या केसांना तेल लावत होती. सानवीनं मध्येच विचारलं, “आई, दादा तुरुंगात आहे तर त्याच्या भुऱ्याला भाकरी कोण घालतं?”

“भुऱ्या कोण?”

“त्याचा कुत्रा. लेण्यांकडे आमच्याबरोबर वरपर्यंत आला होता. माझा पाय मुरगळला आणि दादानं मला पाठुंगळी घेतलं, तेव्हा भुऱ्या पुढं पुढं पळत होता.”

सुचेताचा हात थांबला. माई जायच्या आधी, दिवाळीनंतर, शाळेची सहल कोंडाण्याच्या लेण्यांना गेली होती. सानवी घरी आली तेव्हा तिचा घोटा सुजलेला होता. सुचेतानंच तेल गरम करून चोळलं होतं, आणि चोळताना सानवी एका दादाबद्दल बोलत होती, त्यानं तिला उचलून ओढा पार करून दिला, बोरं दिली. सुचेतानं ‘हो का?’ म्हटलं होतं आणि उद्याच्या पेपरांचा विचार केला होता.

“सानवी, फोटोतला दादा म्हणजे तोच?”

“तोच की! मी सांगितलं ना काकांना, मी ओळखते याला.”

“आणि आजीला पाडलं तो?”

कपाळाला आठ्या घालून सानवीनं आठवायचा प्रयत्न केला. “तो पण दादाच होता,” ती म्हणाली. “आजोबा म्हणतात, तोच आहे.”

सुचेता तशीच तेलकट हातांनी अप्पांकडे गेली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे त्यानं सहलीत हिला पाहिलं. बरोबर माई होती. बायका गळ्यात काय घालतात ते त्यानं तिथंच पाहिलं.”

“आई नव्हती हो सहलीला!”

“नसेल. पण पोरं हेरून ठेवतात.”

“अप्पा, फौजदारांनी ‘ओळखीचं कोण’ असं विचारलं. ‘आजीला कुणी पाडलं’ असं विचारलंच नाही.”

“मग तू दुसरा आणून देणार आहेस का?” अप्पांचा आवाज चढला नाही. वर्गातला त्यांचा सगळ्यात वाईट आवाज हळूच असायचा. “माझी बायको गटारात पडून गेली. तुझी आई. तो सुटला तर ते प्रकरण बंद. कुणी विचारणार नाही पुन्हा. आणि सगळं गाव म्हणेल, सरांच्या नातीनं निरपराध पोराला अडकवलं. तिला त्याच शाळेत जायचंय. तुलाही.”

सुचेता तिथंच उभी राहिली. दुसरं घर तिला नव्हतं. खरं तर तेही कारण नव्हतं. अप्पा ‘तो सुटला तर’ म्हणाले तेव्हा तिला स्वतःलाच तो सुटायला नको होता. इतके महिने तिच्याकडे द्वेष करायला एक चेहरा होता. तो काढून घेतला तर नुसतं ते गटार उरत होतं.

ती न्हाणीघरात गेली आणि हात धुतले.

साईराजची बाजू मांडायला सरकारी मदतीतून वकील मिळाली. सोनाली, लोधिवलीची, खालापूरच्या कोर्टात वकिली करणारी. वयानं लहान, पण कामाला पक्की. सुनावणी साध्या खोलीत होती. टेबलामागे दंडाधिकारी मॅडम आणि मंडळाचे दोन सदस्य, समोर खुर्च्या. सोनालीनं आधी फौजदारांना घेतलं.

“पाच फोटोंमध्ये सोळा-सतरा वर्षांचे किती होते?”

“एक.”

“फोटो दाखवण्याआधी मुलीनं जबाबात काय सांगितलं होतं? चेन ओढणारा कोण होता?”

“मोठा मुलगा.”

“म्हणजे मुलगा शोधायचा होता आणि पाचांत मुलगा एकच ठेवला. ओळख परेड का नाही घेतली?”

“मुलगी लहान होती. तिला त्रास नको म्हणून.”

“आणि तिनं बोट ठेवल्यावर तुम्ही काय म्हणालात?”

“धीर दिला.”

दंडाधिकारी मॅडमनी मान हलवत काहीतरी टिपून घेतलं. मागे बसलेल्या येसाजीनं अंबाबाईच्या हातावर हात ठेवला. कित्येक महिन्यांनंतर त्याला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग सानवीला आत आणलं. लहान म्हणून आईला शेजारी बसू दिलं. साईराज समोर होता. तो इतका वाळला होता की सानवीला तो पटकन ओळखूच आला नाही. ओळखला, आणि तिचा चेहरा उजळला.

सोनालीनं हे पाहिलं. ती खुर्चीवरून पुढे वाकली. “सानवी, या दादाला तू पहिल्यांदा कुठं पाहिलंस?”

सानवीनं मागं अप्पांच्या दिशेनं पाहिलं. पण अप्पा बाहेर होते. “लेण्यांना,” ती म्हणाली. “सहलीला. माझा पाय मुरगळला, तर यानं मला उचललं.”

सोनालीनं साईराजकडे वळून विचारलं, “साईराज, तू या मुलीला उचलून नेलं होतंस?”

साईराजनं उजवा कान पुढे केला. प्रश्न पुन्हा विचारावा लागला. त्यानं सानवीकडे बराच वेळ पाहिलं. शाळांच्या सहली दर आठवड्याला यायच्या. कुणाचा पाय मुरगळायचा, कुणी रडायचं, कुणाला तहान लागायची. त्यानं कितीतरी पोरं उचलली होती. आणि खोटं नाव घेतल्यानं काय होतं, ते तो शिकला होता. आता खोटं बोलायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं.

“आठवत नाय,” तो म्हणाला.

अंबाबाईच्या तोंडून “आरं!” निघालं. शिपायानं तिला गप्प केलं.

मॅडम सुचेताकडे वळल्या. “तुम्ही आई ना? मुलीनं सहलीहून आल्यावर तुम्हाला हे सांगितलं होतं का?”

सुचेताला वाटलं होतं, हा प्रश्न आला तर आपल्याला रडू येईल, किंवा खरं आपोआप बाहेर पडेल. तसं काहीच झालं नाही. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

“नाही. मला असं काही बोलली नव्हती.”

“आई, सांगितलं होतं ना मी!” सानवीनं तिचा पदर ओढला. “तू तेल लावलंस!”

“ते वेगळ्या वेळी, बाळा. तू सायकलवरून पडलीस तेव्हा.”

“सायकलवरून?”

“हो. विसरलीस का?” सुचेतानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

सानवी आईकडे पाहत राहिली. आई कधी चुकत नसे. पाढे, शुद्धलेखन, तारखा, सगळं आईला येई. सानवीच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला आणि तिथं भीती आली. मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत आपण चुकीचं उत्तर दिलं, ही भीती.

“सानवी,” मॅडमनी प्रेमानं विचारलं, “नीट आठवून सांग. याला कुठं पाहिलंस?”

“आजी पडली तिथं,” सानवी म्हणाली.

सोनालीनं पुढच्या तारखेला शाळेचं पत्र मागवलं. वर्गशिक्षिकेनं लिहून दिलं की सहलीत कोणत्याही विद्यार्थ्याला दुखापत झाली नव्हती. झाली होती असं लिहिलं असतं तर घरी का कळवलं नाही, हे विचारलं गेलं असतं. फोटोंची पद्धत चुकीची होती, हे मंडळानं मान्य केलं, निकालात तसं लिहिलंही. पण मुलीनं समक्ष ओळखलं, मुलगा त्या दिवशी कर्जतला होता, आणि त्यानं पोलिसांना खोटं नाव सांगून दिशाभूल केली, असंही लिहिलं. साईराजला तीन वर्षांसाठी विशेष गृहात धाडलं.

बाहेर अंबाबाई सुचेतासमोर आली. तिनं हात जोडले. “ताई, तुमची आय गेली. आमालाबी लय वाईट वाटतं. पन माज्या पोरानं नाय केलं वो. तुमच्या पोरीला एकदा जवळ घेऊन इचारा.”

सुचेतानं सानवीचा हात धरला आणि गाडीकडे चालू लागली. सानवी मागं वळून अंबाबाईकडे पाहत राहिली. गाडीत बसल्यावर अप्पांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास,” ते म्हणाले.

शाळा सुरू झाली आणि सुचेता एक दिवस खालापूरला सोनालीकडे गेली. दार लोटून बसली आणि सगळं सांगितलं. घोटा, तेल, बोरं.

“हे शपथपत्रावर द्या,” सोनाली म्हणाली. “अपील चालू आहे. उपयोग होईल. तुमच्यावर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते, हेही आत्ताच सांगते.”

“सानवीनंच पुन्हा सांगितलं तर नाही चालणार? मी मध्ये न येता?”

सोनालीनं तिच्याकडे असं पाहिलं की सुचेताला खाली बघावं लागलं. “तुम्ही तिला पुन्हा तिथं बसवणार?”

सुचेता घरी आली. सानवी गृहपाठ करत होती. सुचेता तिच्याजवळ बसली. “सानू, लेण्यांच्या सहलीत तुझा पाय मुरगळला होता, आठवतं? तुला कुणी उचललं होतं?”

“बाईंनी,” सानवी वहीतून वर न पाहता म्हणाली.

“बाईंनी नाही गं. दादानं. ओढा पार करून दिला, बोरं दिली.”

सानवीनं पेन्सिल खाली ठेवली. “त्यानं आजीला ढकललं, आई. मी पाहिलं. त्याच्या हातात मंगळसूत्र होतं आणि तो हसत होता.” फोटोतलं ते अर्धवट हसू तिनं स्वतःच्या तोंडानं करून दाखवलं. “तू विसरलीस का?”

सुचेता परत सोनालीकडे गेली नाही. सोनालीचे फोन आले, ते तिनं घेतले नाहीत. अपील फेटाळलं गेलं.

अंबाबाई महिन्याला एकदा पोराला भेटायला जाई. येसाजी गाडीभाड्यापुरते जमवून तिला एकटीलाच पाठवी. साईराजला आता मिशा आल्या होत्या. तो फार बोलत नसे. एकदा त्यानं आपण होऊन विचारलं, “आय, ती पोरगी किती मोठी होती गं?”

“व्हती की लहान. तिसरीतली म्हनत व्हते.”

“मी उचललं म्हनालो असतो तर सुटलो असतो ना?”

“तुला आठवत नव्हतं, तर खोटं कसा बोलनार तू?”

“आता आठवतंय,” साईराज म्हणाला. “बसून बसून. निळं दप्तर होतं तिचं. वढ्यात तिचा बूट पडला, तो भुऱ्यानं काढून आनला.” त्यानं चांगला कान आईकडे वळवला, जणू उत्तर तिच्याकडेच होतं. “पन हे झालंय का मीच बनवलंय, ते मला कळत नाय गं.”

अंबाबाईनं आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या फडक्यातून सोडून त्याच्यापुढे ठेवल्या. पहारेकऱ्यानं आधी त्या एकेक मोडून, आत काही नाही ना, ते पाहिलं.